बंदुकीआधीचे बस्तर

१९९८ पर्यंत बस्तर हा मध्य प्रदेशातला एकच जिल्हा होता. क्षेत्रफळ सुमारे ३९,००० चौरस किलोमीटर, म्हणजे अख्ख्या केरळपेक्षा थोडे जास्तच. एवढ्या मुलखाला एक जिल्हाधिकारी आणि एक पोलीस अधीक्षक. कोंट्याच्या किंवा भोपालपट्टणमच्या माणसाचे जिल्हा कचेरीत काम पडले, तर जगदलपूरपर्यंत पावणेदोनशे-दोनशे किलोमीटरची वाट तुडवावी लागे. राजधानी भोपाळ तर बहुतेकांनी नावापुरतीच ऐकलेली. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले आणि राजधानी रायपूरला, म्हणजे जगदलपूरपासून तीनशे किलोमीटरवर आली. पुढे टप्प्याटप्प्याने जुन्या बस्तरचे सात जिल्हे झाले. पण तोवर माओवादी या जंगलात येऊन वीस वर्षे उलटली होती. सरकार लोकांपर्यंत पोचण्याआधी तिथे दुसरे कोणी पोचले होते. विकसनशील देशांत सशस्त्र संघर्ष का पेटतात, या प्रश्नाचे उत्तर शोधताना बस्तरची ही तारीखवार हकीकत फार उपयोगी पडते.

गरिबी असली की बंड होते, हे सर्वांत सोपे उत्तर. ते अपुरे आहे, आणि ते तपासायला महाराष्ट्राबाहेर जाण्याचीही गरज नाही. नंदुरबार आणि गडचिरोली हे दोन्ही आदिवासीबहुल, दोन्ही मानव विकासाच्या यादीत तळाशी. कुपोषण, विस्थापन, वनखात्याशी भांडण हे सारे नंदुरबारनेही भोगले. सरदार सरोवराच्या पाण्याखाली तिथली गावे गेली. तरीही तिथला लढा मोर्चे, सत्याग्रह आणि न्यायालय या वाटेने गेला, आणि गडचिरोलीत मात्र चार दशके भूसुरुंग फुटत राहिले. दोन्हीकडची उपासमार सारखीच होती. भोवतालची परिस्थिती सारखी नव्हती. गडचिरोलीला लागून सलग घनदाट अरण्य होते, प्राणहिता-गोदावरीच्या पलीकडे संघटित सशस्त्र पक्ष तयार होता, आणि पोलीस मागे लागले तर लपायला शेजारची राज्ये होती.

अमेरिकी अभ्यासक जेम्स फिअरन आणि डेव्हिड लेटिन यांनी २००३ मध्ये १९४५ ते १९९९ या काळातल्या जगभरच्या यादवी युद्धांचा जो अभ्यास मांडला, त्याचा रोख असाच आहे. एखाद्या देशात किती जाती-धर्म-भाषा आहेत, यावरून तिथे यादवी होईल की नाही हे सांगता येत नाही. राज्ययंत्रणा दुबळी आहे का, मुलूख डोंगराळ आहे का, सरकारचा हात तिथवर पोचतो का, यावरून बरेच सांगता येते. पॉल कोलियर आणि अँके हॉफ्लर यांनी त्याच सुमारास दुसऱ्या बाजूकडे लक्ष वेधले. ज्या देशांची मदार जमिनीतून काढून विकायच्या मालावर असते, तिथे बंडखोरांना पैसा मिळतो आणि युद्ध परवडते. सिएरा लिओनमध्ये १९९१ ते २००२ असे अकरा वर्षे चाललेले युद्ध हिऱ्यांवर पोसले गेले. उलट बोत्स्वानातही हिरे सापडले, तेही स्वातंत्र्यानंतर लगेच, १९६७ मध्ये. पण खनिजांवरचा हक्क राष्ट्राचा मानला गेला, उत्पन्न शाळा-रस्त्यांवर खर्च झाले आणि तिथे यादवी झाली नाही. तेव्हा दोष खनिजाचा नाही. जमिनीतले धन निघताना त्या जमिनीवरच्या माणसाला कोणी विचारले का, त्याच्या पदरात काय पडले, इथे खरी मेख आहे.

बस्तरमध्ये हा प्रश्न स्वातंत्र्याच्या फार आधीचा आहे, आणि त्यात मराठी सत्तेचाही वाटा आहे. अठराव्या शतकात छत्तीसगडवर नागपूरकर भोसल्यांचा अंमल बसला. १७७८ च्या कोटपाड करारानंतर बस्तरचा राजा भोसल्यांचा मांडलिक झाला आणि ‘टाकोळी’ म्हणजे वार्षिक खंडणी भरू लागला. बस्तरची संपर्कभाषा हलबी हिच्यात मराठीचे इतके शब्द आणि प्रत्यय आहेत की मराठी माणसाला ती निम्मीअर्धी कळते. दोन मुलखांचा संबंध किती जुना आहे, हे त्यावरून दिसते. पण जंगलावर हात पडला तो इंग्रजांच्या काळात. विसाव्या शतकाच्या आरंभी बस्तर संस्थानातले जवळजवळ दोन तृतीयांश जंगल राखीव करण्याची योजना आली. ज्या रानात फिरती शेती, शिकार, मोहफुले आणि कंदमुळे हाच संसार होता, तिथे पाय ठेवणे एकाएकी गुन्हा झाला. वर वेठबिगार होतीच. गावोगाव आंब्याची डहाळी, लाल मिरची, मातीचे ढेकूळ आणि बाण फिरले. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांच्यासाठी ते निमंत्रणपत्र होते. फेब्रुवारी १९१० मध्ये ‘भूमकाल’ उठला. बाजार लुटले गेले, ठाणी आणि शाळा जाळल्या गेल्या. बंड बाहेरून फौज आणून मोडण्यात आले, माणसांना फटके आणि फाशी झाली, पण नेता गुंडाधूर कधीच हाती लागला नाही. बंडानंतर राखीव जंगलाची योजना आखडती घ्यावी लागली, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. अर्ज-विनंत्यांना जे मिळाले नाही ते बंडाने थोडे तरी मिळवून दिले, असा धडा अशा प्रसंगातून लोकांच्या मनात बसतो आणि तो पिढ्यान्‌पिढ्या पुसला जात नाही.

स्वातंत्र्यानंतर राज्यकर्ते बदलले, जंगलाचे नियम तेच राहिले. २५ मार्च १९६६ रोजी जगदलपूरच्या राजवाड्यात पोलिसांच्या गोळीबारात महाराजा प्रवीरचंद्र भंजदेव आणि त्यांच्यासोबतचे आदिवासी मारले गेले. बस्तरच्या आदिवासींसाठी राजा हा दंतेश्वरी देवीचा पहिला पुजारी होता. लोकशाही सरकारच्या पोलिसांशी त्यांची ओळख झाली ती अशी.

रोजच्या जगण्यात सरकार म्हणजे तीन माणसे: जंगलाचा नाकेदार, महसुलाचा पटवारी आणि कधीमधी येणारा पोलीस. नाकेदार लाकूडफाटा आणल्याबद्दल कोंबडी किंवा पैसे मागे. पटवाऱ्याच्या वहीत जमीन कोणाच्या नावावर चढेल, हे त्याच्या मर्जीवर होते. अबूझमाड या दुर्गम डोंगरपट्ट्याच्या सुमारे ४,००० चौरस किलोमीटरमध्ये तर जमिनीची महसुली मोजणीच झालेली नव्हती, त्यामुळे तिथल्या माणसाकडे स्वतःच्या शेताचा एक कागदही नसे. बाजारात व्यापारी मिठाच्या बदल्यात चारोळी घेई, कित्येकदा वजनास वजन. महाराष्ट्रात श्रीखंडावर चिमूटभर पेरली जाणारी ती चारोळी डोंगरातून वेचून, फोडून, वाळवून आणायला एका बाईचे किती दिवस जातात, याचा हिशेब त्या तराजूत नव्हता. नव्वदच्या दशकात आदिवासींच्या स्वतःच्या जमिनीवरची सागाची झाडे कवडीमोलाने हडपणारे ‘मालिक मकबुजा’ प्रकरण बाहेर आले. व्यापारी आणि सरकारी माणसे त्यात एकमेकांच्या हातात हात घालून होती, आणि ते थांबवायला सर्वोच्च न्यायालयाला लक्ष घालावे लागले.

त्याच्या कितीतरी आधी, ही जमीन तयार असताना १९८० मध्ये पीपल्स वॉर ग्रुप या माओवादी संघटनेची पथके आंध्रातून गोदावरी ओलांडून बस्तर आणि गडचिरोलीत शिरली. त्यांनी आरंभ क्रांतीच्या व्याख्यानांनी केला नाही. त्यांनी हात घातला विडीच्या तेंदूपानाला. एप्रिल-मे महिन्यांत बाया-पोरे पहाटे उठून तेंदूची पाने खुडतात, घरी आणून पन्नास-पन्नास पानांचा पुडा सालीच्या दोरीने बांधतात आणि संध्याकाळी फडावर नेतात. तिथे पुडे ओळीने जमिनीवर मांडले जातात, फडमुंशी फिरून मोजतो आणि पान फाटके, पान लहान असे म्हणत काही पुडे बाजूला काढतो. त्या काळी पुड्याला मिळत होते काही पैसे. दलमच्या, म्हणजे या सशस्त्र पथकांच्या, माणसांनी ठेकेदारांना धमकावून भाव वाढवून घेतले आणि नाकेदाराची लाच बंद केली. बंदूकधाऱ्याला गावात पहिली भाकर मिळाली ती या कामामुळे. आजही छत्तीसगडमध्ये हजार पुड्यांच्या एका मानक बोऱ्याला ५,५०० रुपये सरकारी दर आहे. बोऱ्यात पन्नास हजार पाने. म्हणजे एका पानाला अकरा पैसे. तरी हा दर पूर्वीच्या कितीतरी पट आहे, यावरून तेव्हाची स्थिती समजते.

जमिनीखाली लोखंड होते. बैलाडिलाच्या डोंगरात १९६८ पासून राष्ट्रीय खनिज विकास महामंडळाचे उत्खनन सुरू झाले. देशातले अत्यंत उच्च प्रतीचे लोहखनिज किरंदूलहून रेल्वेने विशाखापट्टणमच्या बंदराकडे आणि तिथून जपानला जाऊ लागले. रायपूर ते जगदलपूर सरळ रेल्वेमार्ग अजूनही पुरा झालेला नाही, दगडासाठी मात्र घाट फोडून समुद्रापर्यंत रूळ पन्नास-साठ वर्षांपूर्वीच गेले. या एका गोष्टीत बस्तरची सारी तक्रार सामावली आहे. पापुआ न्यू गिनीच्या बोगनव्हिल बेटावर हेच झाले होते. पांगुना येथील तांब्याच्या प्रचंड खाणीने देशाची तिजोरी भरली, बेटावरच्या जमीनमालकांच्या वाट्याला गढूळ नदी आली. १९८९ मध्ये स्थानिकांनी खाण बंद पाडली आणि त्यातून उसळलेले युद्ध १९९८ पर्यंत हजारोंचे बळी घेत राहिले. बस्तरमधल्या लोहंडीगुड्यात २००५ मध्ये एका मोठ्या पोलाद प्रकल्पासाठी १,७०० हून अधिक शेतकऱ्यांची सुमारे १,७६४ हेक्टर जमीन घेण्याचे ठरले. कारखाना झालाच नाही, आणि जमीन परत देण्याचा निर्णय व्हायला २०१८ चा डिसेंबर उजाडला. शेतकऱ्यांना आपल्याच रानाकडे बघत काढावी लागलेली ही वर्षे कोणत्याही पत्रकापेक्षा अधिक बोलतात.

पण इथपर्यंतची कारणे फक्त ठिणगीची आहेत. युद्ध एकदा लागले की ते स्वतःचे इंधन स्वतः गोळा करते, आणि पुढची कारणे मूळ कारणांहून वेगळी होतात. ज्या तेंदूच्या भावासाठी दलम लढले, त्याच तेंदूच्या ठेकेदाराकडून ते पुढे नियमित वसुली करू लागले. रस्त्याचे ठेकेदार, खाणवाले, वाहतूकदार सगळे देत राहिले. रस्ता झाला की पोलीस येणार, म्हणून रस्ता उडवायचा; शाळेत जवान मुक्काम करतात, म्हणून शाळा पाडायची; कोणावर संशय आला की ‘मुखबिर’ म्हणजे खबऱ्या ठरवून जनअदालतीत मारायचे. गरिबांच्या नावाने चाललेल्या या युद्धात मेलेले बहुतेक गरीबच होते. २००४ मध्ये पीपल्स वॉर आणि माओवादी कम्युनिस्ट केंद्र एकत्र येऊन भाकप (माओवादी) पक्ष झाला आणि पथकांची फौज बनली. ६ एप्रिल २०१० रोजी ताडमेटल्यात ७६ जवान एकाच सकाळी मारले गेले. २५ मे २०१३ रोजी झीरम घाटीत काँग्रेसच्या ताफ्यावर हल्ला झाला; महेंद्र कर्मा आणि नंदकुमार पटेल यांच्यासह अनेक जण ठार झाले, विद्याचरण शुक्ल यांचा पुढे जखमांनी मृत्यू झाला. छत्तीसगड काँग्रेसची आघाडीची एक फळीच त्या घाटात संपली.

सरकारच्या हातूनही आगीत तेल पडले. जून २००५ मध्ये ‘सलवा जुडूम’ सुरू झाले. गोंडीतल्या या शब्दांचा अर्थ सरकारी भाषेत शांती मोहीम असा सांगितला गेला. प्रत्यक्षात गावकऱ्यांना घरे सोडून रस्त्याकडेच्या छावण्यांत यावे लागले. जो आला नाही तो माओवाद्यांचा, जो आला तो सरकारचा, अशी विभागणी झाली. शेकडो गावे ओस पडली. अल्पशिक्षित आदिवासी तरुणांना महिना ३,००० रुपये मानधनावर विशेष पोलीस अधिकारी नेमून हाती बंदुका दिल्या गेल्या. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नंदिनी सुंदर विरुद्ध छत्तीसगड राज्य या खटल्यात ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. या निकालाचे मोल फार मोठे आहे, कारण पाचवी-सातवी शिकलेल्या पोराला बंदूक देऊन त्याच्याच भावाविरुद्ध उभे करणे हे राज्याचे काम नव्हे, असे त्यात ठामपणे म्हटले आहे. पण तोवर एकाच गावात, एकाच कुळात रक्ताचे वैर पेरले गेले होते, आणि अशा वैराला विचारसरणी लागत नाही.

न्यायाची ढिलाई हे आणखी एक कारण, आणि ते सहसा आकडेवारीत येत नाही. जून २०१२ मध्ये सारकेगुड्यात सुरक्षा दलांच्या गोळीबारात १७ जण मारले गेले. ते माओवादी असल्याचा पुरावा नाही, असे न्यायालयीन आयोगाने म्हटले, पण तो अहवाल बाहेर आला २०१९ मध्ये. २०१७ च्या बुरकापाल हल्ल्यात २५ जवान शहीद झाल्यावर पकडलेले १२१ आदिवासी २०२२ मध्ये निर्दोष सुटले. पाच वर्षे आत. घरी गेल्यावर त्यांच्या बैलांचे, शेताचे आणि लहान पोरांचे काय झाले होते, याची भरपाई कुठल्या कलमात नव्हती.

रायपूरला हे युद्ध दिसले ते निराळ्या रूपात. जखमी जवानांना घेऊन हेलिकॉप्टर उतरायचे, रुग्णालयाबाहेर गर्दी जमायची, तिरंग्यात गुंडाळलेल्या शवपेट्यांना मानवंदना व्हायची. शहरालगतच्या सिलतरा आणि उरला या औद्योगिक वसाहतींतल्या भट्ट्या दरम्यान पेटलेल्याच असत. बस्तरमधल्या सुकम्याच्या एखाद्या गावात आणि या शहरात जेवढे अंतर आहे, तेवढेच अंतर निर्णय घेणारा आणि तो सोसणारा यांच्यात राहिले.

कायदे नव्हते असे मात्र नाही. घटनेची पाचवी अनुसूची होती. १९९६ चा पेसा कायदा होता, ज्याने आदिवासी ग्रामसभेला गौण वनोपजावर मालकी दिली आणि भूसंपादनाआधी तिचा सल्ला सक्तीचा केला. २००६ चा वनहक्क कायदा होता. पण पेसाचे नियम छत्तीसगडने केले २०२२ मध्ये, म्हणजे सव्वीस वर्षांनी. नियोजन आयोगाने नेमलेल्या डी. बंदोपाध्याय यांच्या तज्ज्ञगटाने २००८ मध्येच सांगितले होते की जमीन, जंगल आणि कायद्याची न झालेली अंमलबजावणी हेच असंतोषाचे मूळ आहे.

अंमलबजावणी झाली तर काय होते, याचे उदाहरण गडचिरोलीत आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. गावचे नेते देवाजी तोफा आणि गावकऱ्यांनी त्याआधी दोन दशके अभ्यासगट चालवून, एकमताने निर्णय घेण्याची शिस्त लावून ग्रामसभा घडवली होती. हक्क मिळाल्यावरही बांबू विकायला वनखाते वाहतूक परवाना देईना. कायद्याने बांबू गौण वनोपज आहे, खाते त्याला झाडासारखे वागवत होते. एप्रिल २०११ मध्ये अखेर परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले आणि गावाने आपला बांबू स्वतः विकला. पुढे जिल्ह्यातल्या हजाराहून अधिक ग्रामसभांना असे हक्क मिळाले, कित्येक ग्रामसभा तेंदूचा लिलावही स्वतः करू लागल्या. म्हणून हिंसा तत्काळ थांबली नाही. १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्यात १५ पोलीस भूसुरुंगात मारले गेले. पण ज्या कामामुळे दलमला गावात पहिल्यांदा भाकर मिळाली होती, ते काम आता गाव स्वतः करत होते. दलमची गरज इथे कमी झाली, आणि हा फरक कोणत्याही चकमकीच्या आकड्यात मोजता येत नाही.

गेल्या काही वर्षांत लढाईचा तोल पूर्ण पालटला. २०१० मध्ये देशभर या संघर्षात १,००५ नागरिक आणि जवान मारले गेले होते, २०२३ मध्ये हा आकडा १३८ वर आला. दक्षिण बस्तरमध्ये काही किलोमीटरवर एक अशी सुरक्षा दलांची ठाणी उभी राहिली. स्थानिक तरुण आणि शरण आलेले माओवादी यांचे डिस्ट्रिक्ट रिझर्व्ह गार्ड (डीआरजी) हे दल आघाडीवर आले. २१ मे २०२५ रोजी अबूझमाडमध्ये पक्षाचा सरचिटणीस नंबाला केशव राव मारला गेला. ऑक्टोबरात पक्षाचा ज्येष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे ठेवली आणि त्याच आठवड्यात जगदलपुरात दोनशेहून अधिक जण शरण आले. पूर्वी ज्या वाटांवर ट्रॅक्टरही जात नव्हता तिथे बस जाऊ लागली. जुडूमच्या काळात बंद पडलेल्या शाळांतली मुले वर्षानुवर्षे ‘पोटा केबिन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बांबूच्या निवासी शाळांत शिकली. त्यांच्या गावातल्या शाळा पुन्हा उघडत आहेत.

सलवा जुडूमच्या वेळी घर सोडून गोदावरीपार गेलेली हजारो माणसे मात्र अजून तेलंगण आणि आंध्रच्या जंगलांत आहेत. तिथे त्यांना गुत्तिकोया म्हणतात. छत्तीसगडमध्ये ते अनुसूचित जमातीत मोडतात, तेलंगणात त्यांना तो दर्जा नाही. त्यांनी जंगलात केलेल्या शेतावर तिथले वनखाते रोपे लावते, म्हणजे ज्या भांडणाने सारे सुरू झाले तेच त्यांच्यामागे नदी ओलांडून गेले आहे. वनहक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमात बेकायदा हुसकावलेल्या लोकांना पर्यायी जमिनीसह पुनर्वसनाचा हक्क दिलेला आहे. त्यांची सुकमा आणि बिजापूरमधली शेते वीस वर्षांत रानाने झाकली आहेत, आणि कित्येकांच्या त्या शेतांची नोंद मुळात कोणत्याही वहीत नव्हती.